कंटेम्प्ट टाकण्याआधी : प्रस्तावना

पाचगणी, भिलार, गोडवली, खिंगर या पट्ट्यात जमिनीच्या भांडणाची गोष्ट निघाली, की दोन वाक्यं कानावर येतातच. पहिलं, ‘आम्ही स्टे आणलाय.’ दुसरं त्यानंतर काही महिन्यांनी, जरा वरच्या पट्टीत: ‘आता कंटेम्प्टच टाकतो.’ पहिल्या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याला साधारण ठाऊक असतो, दुसऱ्याचा क्वचितच. चुलत्यानं नाहीतर थोरल्या भावानं कोर्टाचा मनाई हुकूम मोडला, आता तो आत जाणार आणि रस्त्याकडेचा तुकडा आपल्या पदरात पडणार, अशी समजूत भावकीत पक्की बसलेली असते. ही पुस्तिका त्या समजुतीवर लिहिली आहे. कंटेम्प्टच्या, म्हणजे न्यायालयाच्या अवमानाच्या अर्जातून कुणालाही जमिनीचा हिस्सा मिळत नाही. हिस्सा मिळतो तो वाटपाच्या दाव्यातून. दावा चालू असताना कोर्टानं जे करू नका म्हणून सांगितलं ते कुणी जाणूनबुजून केलं का, एवढंच अवमानाच्या अर्जात तपासलं जातं.

हा विषय पाचगणीतून मांडायला कारण आहे. १८६०च्या दशकात जॉन चेसन यानं हे थंड हवेचं ठिकाण वसवलं. दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा. शाळा आल्या, आरोग्यधामं आली, मुंबईच्या पारशी आणि इतर कुटुंबांचे बंगले आले. आज त्या बंगल्यांचे वारस देशोदेशी पांगलेत आणि आसपासच्या गावांतल्या शेतांच्या सातबाऱ्यावर एकेका गटाला डझनभर नावं लागलीत. १७ जानेवारी २००१ला केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि बांधकामाला मोकळी असलेली जागा आणखी दुर्मीळ झाली. परिणाम असा, की एकाच गटातला रस्त्याला लागून असलेला सपाट पाच गुंठ्यांचा तुकडा मागच्या उतारावरच्या एकराला भारी पडतो.

डोंगरी जमिनीच्या वाटपाची गोम इथंच आहे. देशावरच्या काळ्या रानात चार भावांचे चार सारखे पट्टे पाडले की बरंचसं काम होतं. इथं एका तुकड्याला पाणी, दुसऱ्याला रस्ता, तिसऱ्याला दरीचा देखावा, आणि चौथ्याला नुसता कातळ. म्हणून दाव्यात ‘सरस-निरस मानानं वाटप’ मागितलं जातं, आणि म्हणूनच भांडण ‘किती’वर फार अडत नाही, ‘कोणता’वर अडतं. आपापला एक-चतुर्थांश सगळ्यांना मान्य असतो, पण रस्त्याकडेचा चतुर्थांश सगळ्यांनाच हवा असतो. जो त्या तुकड्यावर आधीपासून बसलेला आहे त्याला निकालाची घाई नसते. तो एक पत्र्याची शेड टाकतो, मग तिला भिंत येते, मग तंबू लागतात, मग पाटी. अवमानाचं प्रकरण जन्माला येतं ते या शेड आणि पाटीच्या मधल्या काळात.

कायद्यानं पाहिलं तर वाटप होईपर्यंत सामाईक जमिनीच्या इंचाइंचावर प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क असतो. एकाचा ताबा तो सगळ्यांचा ताबा मानला जातो, जोवर तो इतरांना उघडपणे हाकलून देत नाही. यात बहिणीही आल्या. महाराष्ट्रानं हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २२ जून १९९४च्या दुरुस्तीनं, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना जन्मानं हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची अट उरली नाही, आणि ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालानं, वडील ९ सप्टेंबर २००५ला हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. पारशी आणि ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यांचे हिस्से वेगळ्या पद्धतीनं ठरतात, दावा मात्र हाच. हक्कसोडपत्रावर सही न केलेली आत्या बऱ्याच दाव्यांत वादी असते. ‘माहेर तोडतेस का’ हा प्रश्न तिला कोर्टाच्या पायरीवर विचारला जातो. तो कायद्याच्या कुठल्या कलमात बसत नाही, पण कितीतरी दावे त्याच्याच जोरावर मागे घेतले जातात.

दाव्याचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण अवमान त्याच्या कुठल्या टप्प्यावर घडला यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वाटपाचा दावा दाखल होतो, त्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज जातो. आपल्याकडच्या कोर्टांत सगळे त्याला ‘निशाणी ५’ म्हणतात. त्यावर जैसे थे किंवा मनाईचा आदेश होतो. पुढे पुरावा, मग प्राथमिक हुकूमनामा: कुणाचा हिस्सा किती. एवढ्यावर पेढे वाटणारी कुटुंबं आहेत. खरं तर इथं निम्मी वाटही सरलेली नसते. सारा आकारणीची शेतजमीन असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४प्रमाणे प्रत्यक्ष फाळणी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसीलदाराकडे, तिथून भूमी अभिलेखच्या मोजणीदाराकडे. हिस्सेमोजणीच्या दिवशी एक भाऊ गैरहजर, दुसऱ्याची हरकत, तिसऱ्याचा वारस रेकॉर्डवर नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००९मध्ये शुभकरण बुबना प्रकरणात आणि पुन्हा जून २०२२मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की प्राथमिक हुकूमनाम्यावर कोर्टानं थांबू नये, अंतिम हुकूमनाम्याचं काम स्वतःहून पुढे न्यावं. दोनदा सांगावं लागलं यावरूनच काय ते समजा.

आता अवमानाचा अर्ज कुठं करायचा ते पाहू. इथं वकीलमंडळींचीही गल्लत होते. दावा चालू असताना मनाई मोडली, तर ज्या कोर्टानं ती दिली त्याच कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ खाली अर्ज करायचा. ते कोर्ट आदेश मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करू शकतं आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकतं. जप्ती एक वर्षापेक्षा जास्त चालत नाही. तोवरही तो वठणीवर आला नाही, तर जप्त मालमत्ता विकून नुकसान झालेल्याला भरपाई देता येते. दुसरा रस्ता १९७१च्या न्यायालय अवमान कायद्याचा. तो उच्च न्यायालयात जातो. कनिष्ठ न्यायालयाच्या अवमानाची दखल घ्यायचा अधिकार कलम १०नं उच्च न्यायालयाला दिला आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजारांचा आकडा १९७१पासून तसाच आहे. एवढ्यात आज पाचगणीत शनिवारची बरी खोली मिळायची मारामार. पण खालच्या कोर्टात २-अचा पुरेसा उपाय असताना उच्च न्यायालय सहसा ‘तिकडे जा’ म्हणतं, आणि त्यात वावगं काही नाही. उतारावरची शेड कधीची, हे पुरावा घेऊन ठरवायची सोय तालुक्याच्या कोर्टात आहे.

दाव्याचा अंतिम निकाल लागल्यावर मात्र दोन्ही रस्ते बहुतेक बंद होतात. कायम मनाईचा हुकूमनामा मोडला, तर उपाय दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायच्या अर्जाचा, आदेश २१ नियम ३२चा. कंवर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्ये हेच सांगितलं: दावा निकाली निघाल्यावर अंतरिम आदेश त्या हुकूमनाम्यात विरून जातो, आणि मग नियम २-अ किंवा अवमान कायदा चालवता येत नाही. त्या प्रकरणात उच्च न्यायालयानं दिलेली शिक्षा रद्द झाली. चुकीच्या दारात गेलेल्या माणसाची वर्षं वाया जातात, आणि तेवढ्यात शेडचं हॉटेल झालेलं असतं.

आता एका उदाहरणात जरा खोल जाऊ. ते मी रचलेलं आहे, पण या भागात कुणालाही ओळखीचं वाटेल. समजा, सप्टेंबरमध्ये आदेश झाला: ‘उभय पक्षांनी दावा मिळकतीबाबत जैसे थे परिस्थिती ठेवावी.’ एवढं एकच वाक्य. गटावर धाकटा भाऊ बरीच वर्षं स्ट्रॉबेरी घेतोय. ऑक्टोबरमध्ये त्यानं गादीवाफे ओढले, ठिबकच्या नळ्या टाकल्या, वर मल्चिंगचा कागद अंथरला आणि रोपं लावली. थोरल्याच्या मते हा ढळढळीत अवमान, कारण आदेशाच्या दिवशी रान मोकळं होतं. धाकट्याच्या मते दरवर्षी याच महिन्यात लागण होते, रान मोकळं ठेवलं तरच परिस्थिती बदलेल. माझ्या मते धाकट्याची बाजू भक्कम आहे. जैसे थे म्हणजे त्या दिवशीचा फोटो नव्हे, चालत आलेली वहिवाट. पण त्यानं त्याच हंगामात नवी बोअर मारली, किंवा निम्मं रान मोडून पर्यटकांसाठी तंबू लावले, तर गोष्ट पालटते. आणि एका मधल्या जागेत मीही अडतो: त्यानं गेल्या वर्षीपेक्षा चार वाफे जास्त ओढले, आणि ते चार वाफे थोरला ज्या पट्टीवर जनावरं बांधायचा त्या पट्टीत गेले. हा भंग आहे का? आदेशाच्या त्या एका वाक्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. आणि जे आदेशावरून सांगता येत नाही त्यासाठी कुणाला तुरुंगात पाठवता येत नाही. अवमानाची कारवाई फौजदारी वळणाची असते, आदेशाच्या शब्दांपलीकडे तिला जाता येत नाही, आणि संशयाचा फायदा ज्याच्यावर आरोप आहे त्याला मिळतो. नुसता भंग पुरत नाही, तो हेतुपुरस्सर असावा लागतो. नियम २-अलाही हाच निकष लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये एका बेकरीच्या नावाच्या भांडणात पुन्हा सांगितलं.

म्हणून माझा खरा राग आदेश मोडणाऱ्यांपेक्षा एका ओळीच्या आदेशांवर आहे. निशाणी ५ची सुनावणी असताना कोर्ट कमिशनर नेमून घ्या, पंचनामा करून घ्या, कुठल्या पोटहिश्शात कुणाचं काय उभं आहे ते नकाशावर दाखवून घ्या, हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. बहुतेकजण ‘आधी स्टे तर मिळू दे’ म्हणतात. मिळतो, आणि मग तो कशावर मिळाला हेच पुढची चार वर्षं भांडायचं कारण होऊन बसतं. ई-पीक पाहणी २०२१पासून राज्यभर सुरू झाल्यावर निदान पिकाचा, जागेवर काढलेल्या फोटोसकट, एक सरकारी पुरावा मिळू लागला आहे. तो वापरा. मोबाइलवरचे तारीख नसलेले फोटो आणि ‘गावातल्या सगळ्यांना माहीत आहे’ हे वाक्य यांवर कुणी दोषी ठरत नाही.

‘आम्हाला नोटीसच लागली नाही’ हा बचाव फारसा टिकत नाही. आदेश झाला तेव्हा वकील हजर होता, किंवा आदेशाची माहिती दुसऱ्या मार्गानं पोचल्याचं सिद्ध झालं, तर कागद हातात पडला नव्हता असं म्हणून सुटता येत नाही. ‘आदेशच चुकीचा होता’ हा बचावही असाच. मुंबईतून गेलेल्या तय्यबभाई बागसरवाला प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की दावा ऐकायचा अधिकारच त्या कोर्टाला नव्हता असं पुढे निष्पन्न झालं, तरी तोपर्यंत दिलेला अंतरिम आदेश पाळायलाच हवा होता. आदेश पटत नसेल तर अपील करा. अपील दाखल करून कुदळ चालवू नका.

सगळ्यात पक्का पुरावा मात्र आरोपी स्वतःच तयार करून देतो, तो म्हणजे नोंदणीकृत खरेदीखत. मनाई असताना पुण्या-मुंबईच्या एखाद्याला अविभक्त हिस्सा विकला, की दस्तावर तारीख, वेळ, फोटो, अंगठा, सगळं हजर. तिथं ‘माझा हेतू नव्हता’ म्हणायला जागा उरत नाही. प्रश्न उरतो खरेदीदाराचा. १९९५च्या सुरजित सिंग प्रकरणात वाटपाच्या दाव्यातल्या प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कुणी हस्तांतर करू नये असा आदेश होता, तो मोडून हक्क दुसऱ्याच्या नावे केले गेले. सर्वोच्च न्यायालयानं त्या नव्या माणसांना दाव्यात उभंच करून घेतलं नाही. घेतलं असतं तर आदेशाला अर्थ उरला नसता. पण २०१३च्या थॉमसन प्रेस निकालात त्याच न्यायालयानं मनाई मोडून झालेली विक्री आपोआप रद्दबातल होत नाही असं म्हटलं आणि खरेदीदाराला दाव्यात येऊ दिलं. दोन्ही निकाल घेऊन दोन वकील एकाच कोर्टात उभे राहतात. माझ्या अनुभवात, कोर्ट शेवटी खरेदीदाराला आदेशाची माहिती होती का हेच बघतं. सप्टेंबर २०२३मध्ये गुजरातेतल्या एका जमीनवादात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: वकिलानं पक्षकारातर्फे दिलेली हमी मोडून केलेले व्यवहार अवमानाच्या कारवाईतच निरर्थक ठरवता येतात, अशा व्यवहाराचा लाभ घेणाऱ्याला संरक्षण मागता येत नाही, आणि शिक्षा टाळण्यापुरती मागितलेली माफी स्वीकारायचं बंधन नाही. इथं जमीन घेणाऱ्यांनी हा निकाल कुणाकडून तरी समजून घ्यावा. महाराष्ट्रात प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची तरतूद आहे. वादींनी ती न चुकता नोंदवावी, आणि घेणाऱ्यानं शोध घेताना तीही तपासावी. सातबारा कोरा दिसला एवढ्यावर इसार देऊ नये.

तडजोडीचं प्रकरण वेगळं आहे. मराठ्यांच्या काळात वतनाच्या वादात गोतानं निवाडा दिला, की हरलेल्याकडून यजितखत लिहून घेत: मी खोटा पडलो, पुन्हा कथळा करणार नाही. घाटाखाली वाईत लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९३७पासून धर्मकोशाचं व्यवहारकांड छापायला घेतलं. वारसा कसा वाटावा याची शास्त्रवचनं तिथं गोळा झाली. पण वाटलेलं टिकवायचं कसं, याचं उत्तर शास्त्रवचनांपेक्षा यजितखतासारख्या कागदांत जास्त सापडतं. आजचं तडजोडपत्र त्याच कामाचं, आणि कच्चं राहतं ते एका शब्दानं. १९७९च्या बाबूराम गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दोन पक्षांनी आपसात काही मान्य केलं आणि कोर्टानं त्यावर हुकूम केला, एवढ्यानं ते कोर्टाला दिलेलं वचन होत नाही; ते मोडलं तर दरखास्त करा. २००६मध्ये मुंबईच्या एका हॉटेलमालक कुटुंबाच्या वादात त्याच न्यायालयानं, कोर्टापुढच्या संमतीच्या अटी मोडल्या तर दरखास्तीची सोय असली तरी अवमान होऊ शकतो, असं धरलं. तेव्हा तडजोडपत्रात ‘आम्ही न्यायालयास हमी देतो’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि न्यायाधीशांनी ती हमी स्वीकारल्याची नोंद आदेशात करून घ्या. लोकअदालतीत मिटलेल्या वाटपाला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, तिथं साधारणपणे वाट दरखास्तीचीच.

वादींना न आवडणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. उच्च न्यायालयातल्या अवमान प्रकरणात तुम्ही फक्त माहिती देणारे असता. प्रकरण कोर्ट आणि आदेश मोडणारा यांच्यातलं असतं. शिक्षा झाली तर त्याला कलम १९खाली अपील आहे. तुमची याचिका फेटाळली तर तुम्हाला त्या कलमाखाली अपील नाही. तरीही दबाव टाकायला याचिका केल्या जातात, समोरून उलट अर्ज येतो, आणि दोन अवमानांच्या मध्ये मूळ वाटपाचा दावा धूळ खात पडतो. ज्याच्या ताब्यात रस्त्याकडेचा तुकडा आहे त्याला याहून सोयीचं काय असणार? अवमानाचा अर्ज त्याच्याविरुद्ध केलेला असतो आणि फायदाही बहुधा त्याचाच होतो.

१८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले आहेत. मुंबईच्या खेपा वाचल्या. जवळ आलं म्हणून याचिका वाढतील अशी भीती मला वाटते. त्या करायच्याच असतील तर अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत कराव्या लागतात, हे कलम २० लक्षात असू द्या. आणि वकिलाकडे जाताना आदेशाची प्रमाणित नक्कल, चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा आणि भंग कुठल्या तारखेला, गटाच्या कुठल्या भागात, कुणी केला हे लिहिलेला एक कागद बरोबर न्या. तो कागद लिहिता येत नसेल, तर अर्ज करू नका. त्याच फीमध्ये अंतिम हुकूमनाम्याचा अर्ज होतो.